अस्मानी म्हणून खपवलेलं

प्रति,
खनिज तेल आणि कोळशाच्या धंद्यात राहून हवामानबदलाचं सत्य ज्यांनी दडवलं, पैसे घेऊन ज्यांनी त्यावर शंका रचल्या, आणि सोयीच्या म्हणून ज्यांनी त्या शंका पुढं वाटल्या, त्या सर्वांस.

विषय : १९९८ साली नववीच्या वर्गात मी सांगितलेल्या एका वाक्याबाबत.

महोदय,

मी मोडनिंबची. माढा तालुक्यातलं, सोलापूर-पुणे महामार्गावरचं हे गाव. एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, २०१९ साली निवृत्त झाले. घरची बोरीची बाग आहे, थोडं डाळिंब आहे. हे पत्र मी शिक्षिका म्हणून लिहिते आहे आणि शेतकरी म्हणूनही, कारण तुम्ही माझी दोन्हीकडून फसवणूक केली.

१९९८चा पावसाळा. नववीच्या वर्गात मी मोसमी वारे शिकवत होते. फळ्यावर सह्याद्री काढला होता, त्याच्या डाव्या अंगाला ढग, उजव्या अंगाला आमचा पर्जन्यछायेचा प्रदेश. मामाकडं राहून शिकणारा एक मुलगा उठला. सीना नदीकाठच्या खेड्यातला, बोलायला जरा बुजरा. म्हणाला, "बाई, पृथ्वी तापतीया म्हणून पेपरात आलंय. मग आपल्याकडचा पाऊस बदलणार का?"

मी म्हणाले, "त्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही." आणि पुन्हा फळ्याकडं वळले.

मी खोटं बोलत नव्हते. जे वाचलं होतं तेच सांगितलं. रविवारच्या पुरवणीत लेख यायचे. एक शास्त्रज्ञ म्हणतो तापतंय, दुसरा म्हणतो छे, सूर्याच्या डागांचा खेळ आहे. दोघांना सारखी जागा, सारखे फोटो. एकमत नाही असंच कुणालाही वाटलं असतं. ते वाक्य मोडनिंबच्या वर्गापर्यंत कुठून आलं, हे मला निवृत्तीनंतर, वाचायला सवड मिळाल्यावर कळलं.

त्याच वर्षी, १९९८च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतल्या तेल कंपन्यांच्या संघटनेनं, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं, जमवलेल्या मंडळींचा एक आराखडा फुटून वर्तमानपत्रात आला. आदल्या डिसेंबरात उत्सर्जन घटवण्यासाठीचा क्योटोचा करार झाला होता आणि तो हाणून पाडायचा होता. आपण जिंकलो असं कधी म्हणायचं, हेही त्या आराखड्यात लिहून ठेवलं होतं : हवामानशास्त्रात अनिश्चितता आहे हे साध्या माणसाला पटलं आणि बातम्या देणाऱ्यांनाही पटलं, की जिंकलो. कुणापर्यंत पोचायचं त्या यादीत लोकप्रतिनिधी होते, उद्योजक होते, आणि शाळांचे शिक्षक आणि विद्यार्थीही होते. शिक्षकांच्या मनात एकदा अनिश्चितता रुजली, की पुढं असे करार लादायचे प्रयत्न आपोआप अडतील, असा हिशेब होता.

तुमच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतले शिक्षक होते, मी नव्हते. पण पेरलेलं बी वाऱ्यानं बांध ओलांडतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तुमच्या हिशेबानं मी त्या पावसाळ्यात तुमच्या बाजूनं एक काम करून टाकलं होतं, फुकटात, आणि माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या पन्नास-साठ पोरांसमोर.

तुम्हाला माहीत नव्हतं असं असतं, तर हे पत्र लिहिलंच नसतं. चूक कुणाचीही होते.

कोळसा जाळल्यानं हवेतला कर्बवायू वाढेल आणि पृथ्वी तापेल, हे गणित स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली हातानं करून दाखवलं. त्या साली आमच्या सोलापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला होता. १९५८पासून हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी हवेतला कर्बवायू मोजायला घेतला. तेव्हा तो दहा लाख भागांत ३१५ होता; आता ४२०च्या वर गेला आहे. १९७७च्या जुलैमध्ये एक्सॉन कंपनीतलेच शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी आपल्या वरिष्ठांपुढं उभं राहून सांगितलं की बहुधा खनिज इंधन जाळण्यानंच हवामान बदलतं आहे. पुढच्या वर्षी त्यांनी लिहूनही दिलं : कठीण निर्णय घेण्यासाठी माणसाच्या हाती पाच ते दहा वर्षं आहेत. १९८२ साली त्याच कंपनीत एक आलेख तयार झाला. २०१९च्या सुमारास कर्बवायू साधारण ४१५पर्यंत जाईल आणि पृथ्वी जवळपास एक अंशानं तापलेली असेल, असं तो दाखवत होता. २०१९च्या मे महिन्यात मौना लोआवर ४१५च भरला.

हे वाचलं त्या दिवशी मी किती तरी वेळ पडवीत नुसती बसून होते. आमच्याकडं पंचांगातला पाऊस बरोबर येत नाही, रेडिओवरचा येत नाही. तुमच्या माणसांनी सदतीस वर्षं आधी एवढं अचूक सांगितलं होतं! जेफ्री सुप्रान, श्टेफान राम्श्टोर्फ आणि नेओमी ओरेस्केस यांनी २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक्सॉनची ती सगळी भाकितं तपासून मांडली. ती विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांच्या भाकितांच्या तोडीस तोड निघाली. इतकं चांगलं शास्त्र तुमच्याकडं होतं आणि तुम्ही ते कपाटात ठेवलं.

कपाटात नुसतं ठेवलं असतं तरी एक वेळ समजून घेतलं असतं. २३ जून १९८८ रोजी जेम्स हॅन्सेन यांनी अमेरिकी सिनेटपुढं सांगितलं की तापमानवाढ सुरू झाली आहे. दुसऱ्याच वर्षी, १९८९मध्ये, तेल, कोळसा आणि मोटारींच्या कंपन्यांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' नावाची आघाडी उभी केली. १९९५ साली या आघाडीसाठी मोबिल कंपनीच्या एका रसायन अभियंत्यानं टिपण तयार केलं. हरितगृह परिणामामागचं शास्त्र पक्कं आहे, ते नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. या शास्त्राला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे का टिकत नाहीत, हेही त्यानं एकेक करून दाखवलं होतं. तो भाग छपाईतून गाळला गेला. बाहेर मात्र तेच न टिकणारे मुद्दे सांगत तुम्ही २००२पर्यंत हिंडत राहिलात.

ही रीत तुमची स्वतःचीही नव्हती. सिगारेटवाल्यांकडून उचललेली होती. सिगारेटनं कर्करोग होतो हे कळल्यावर त्या कंपन्यांनी ते खोडून काढायचा नाद सोडला आणि शंका जिवंत ठेवण्यावर भर दिला. शंका हाच आपला माल आहे, असं १९६९ साली एका तंबाखू कंपनीच्या कागदावर लिहिलेलं सापडलं. फ्रेडरिक साइट्झ हे अमेरिकेच्या विज्ञान अकादमीचं अध्यक्षपद भूषवलेले मोठे भौतिकशास्त्रज्ञ. ते आधी तंबाखू कंपनीचे सल्लागार होते आणि पुढं हवामानावर शंका घेणाऱ्यांचे म्होरके झाले. माणसं तीच होती, फक्त धूर वेगळा होता.

इथं मला शिक्षिका म्हणून एक बोलायचं आहे. शंका विचारणाऱ्या मुलाला मी कधी गप्प बसवलं नाही. शंका हा वर्गातला सगळ्यात मौल्यवान क्षण असतो; ती विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं. तुम्ही जी शंका तयार केलीत तिला उत्तर नकोच होतं. उत्तर मिळालं की ती जागा बदलायची. आधी म्हणालात, तापतच नाही. मग तापतंय, पण माणसामुळं नाही. मग माणसामुळं आहे, पण फार बिघडणार नाही. आता म्हणता, बिघडलं खरं, पण उशीर झाला आणि खर्च परवडत नाही. शास्त्रज्ञ स्वभावानं सावध. "बहुधा", "शक्यता अधिक" असंच ते लिहिणार. त्यांच्या या प्रामाणिकपणालाच तुम्ही त्यांचं अडाणीपण म्हणून दाखवलंत. हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत संपतील असं एक चुकीचं वाक्य हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००७च्या अहवालात शिरलं होतं. २०१०च्या जानेवारीत समितीनं चूक कबूल केली. चूक कबूल करणाऱ्याला खोटारडं ठरवून तुम्ही तेवढ्यावर कितीतरी वर्षं काढलीत.

आता आमच्याकडचं ऐका.

आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली होती. त्या दुष्काळानंतर त्यांनी अंगणात पर्जन्यमापक बसवला आणि पावसाची वही घातली. वहीला रकाने तारखांचे नाहीत, नक्षत्रांचे आहेत : मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, ते थेट स्वातीपर्यंत. ते गेल्यापासून ती वही मी लिहिते. जुनी पानं उघडली की बारीक बारीक नोंदींनी भरलेली दिसतात, रोजच्या दुधाच्या हिशेबासारखी. अलीकडची पानं वेगळी आहेत. कोरं, कोरं, कोरं, आणि मग एका रात्रीत एवढा मोठा आकडा की आधीचा सगळा महिना त्यात मावावा. एका अंगणातल्या वहीवरून कुणी जगाचं हवामान सांगू नये, हे मीच मुलांना शिकवलं. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्र तापला, वाऱ्यात बाष्प जास्त आलं. हवा एक अंशानं तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि धरलेलं कधी ना कधी सोडते. त्याच संस्थेनं २०२० साली देशाचा अहवाल दिला : १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान ०.७ अंशानं वाढलं. १९५१ ते २०१५ या काळात पावसाळ्यातला एकूण पाऊस सहा टक्क्यांनी घटला. एकूण पाऊस कमी, आणि झोडपणं जास्त. आमची वही हेच तर म्हणत होती.

उजनी धरण भरलं की आमच्या जिल्ह्याचं वर्ष निभतं. इथं धरणाचा आकडा उणेमध्ये सांगायची पद्धत आहे. मृतसाठ्यात हात घातला की "उजनी मायनस". २०२४च्या जूनमध्ये ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास होती. ऑगस्टमध्ये शंभर टक्के भरून भीमेला पाणी सोडलं. जूनमध्ये टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या बायका ऑगस्टमध्ये नदीकाठची भांडीकुंडी वर हलवत होत्या.

मोडनिंबची बोरं तुम्ही खाल्ली नसतील. डिसेंबर लागला की इथल्या बाजारात बोरांची पोती लागतात, उमराण, चेकनट, आणि संक्रांतीच्या आधीचे दहा-बारा दिवस तर चालायला वाट नसते. संक्रांतीनंतर लहान लेकरांचं बोरन्हाण असतं. पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हलवा, चुरमुरे ओततात, आणि भोवतालची पोरं झडप घालून वेचतात. बोरीचं झाड हलक्या रानात, कमी पाण्यात येणारं. म्हणून तर ते आमचं झाड. त्याला हवी असते ती दिवाळीनंतरची कोरडी थंडी. तीच आता मधूनच तुटते. नोव्हेंबरात आठ-आठ दिवस आभाळ येतं आणि कोवळ्या फळावर भुरी धरते. भुरीचं बोर हातात घेतलं की बोटं पिठात बुडवल्यासारखी पांढरी होतात. पुसलं तर खाली तपकिरी, खरबरीत डाग. ती बोरं निवडून टाकण्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या बायांचा अर्धा दिवस जातो. त्यांना मजुरी द्यावीच लागते. टाकलेल्या बोराला कोण पैसे देतं?

डाळिंबाचं त्याहून अवघड आहे. मृग बहार धरायचा तर एप्रिल-मेमध्ये झाडाचं पाणी तोडावं लागतं. त्याला आम्ही ताण देणं म्हणतो. ताण नीट बसला की पानं गळतात आणि पहिल्या पाण्याबरोबर झाड फुलावर येतं. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. २६ मेला मान्सून मुंबईत पोचला, नोंदींच्या इतिहासात इतक्या लवकर कधी पोचला नव्हता. ताणावरची झाडं भिजली, फुलायच्या जागी फुटली, आणि दमट हवेत तेल्या रोगानं गाठली. सबंध एप्रिल झाडाला तहानेलं ठेवायचं आणि मेमध्ये आभाळानं ते मोडायचं. शहाण्या शेतकऱ्यालाही यात चुकण्यावाचून दुसरं काही राहत नाही.

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट झाली, ती आम्ही विसरणार नाही. आमच्या जिल्ह्यातही झाली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बागेत पांढरा थर, झाडांखाली पोपट मरून पडलेले, फांद्यांची साल सोलून निघालेली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी, देशाच्या पंतप्रधानांचं भाषण शाळाशाळांतून थेट दाखवलं गेलं. आम्ही सगळ्या शिक्षकांनी मुलांना हॉलमध्ये बसवलं होतं. एका विद्यार्थ्यानं हवामानबदलावर प्रश्न विचारला. उत्तर असं आलं की हवामान बदललेलं नाही, आपण बदललो आहोत, आपल्या सवयी बिघडल्या आहेत; म्हाताऱ्या माणसांना यंदा थंडी जास्त आहे असं वाटतं, कारण त्यांची सोसायची ताकद कमी झालेली असते. मला तिथं बसवेना. सवयी बिघडल्या हे खरंच आहे, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याच पंतप्रधानांनी आंतरराष्ट्रीय सौर आघाडी उभी केली हेही खरं आहे. पण त्या हॉलमध्ये अशी मुलं बसली होती, ज्यांच्या घरची द्राक्षं आणि डाळिंबं सहा महिन्यांपूर्वी गारांनी झोडपली होती. त्यांनी त्या दिवशी काय ऐकलं? बदल तुमच्या आजोबांच्या अंगात आहे, आभाळात नाही.

त्याच्या सोळा वर्षं आधी मी फळ्यापाशी उभी राहून बोलले, त्याच जातीचं ते उत्तर होतं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ही शंका आता कुणा एकाची राहिलेली नाही. ती हवेत मिसळली आहे.

आमच्या भाषेत अस्मानी आणि सुलतानी असे दोन शब्द आहेत. आभाळातून येतं ते अस्मानी, राज्य करणाऱ्याकडून येतं ते सुलतानी. अस्मानीबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही. ती सोसायची असते. इथून जवळच अरण आहे, मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या सावतोबांचं गाव. आमच्या माणसांत सोसण्याची ती ताकद जुनी आहे. पीक गेलं तर "पांडुरंगाची इच्छा" म्हणून पुन्हा पेरायला उभी राहणारी ही माणसं. तुमचा सगळा उद्योग एका ओळीत सांगायचा तर, तुम्ही तुमची सुलतानी आम्हाला अस्मानी म्हणून विकली. जे कुणीतरी केलं आहे, माहीत असून केलं आहे, नफ्यासाठी केलं आहे, ते आम्ही देवाच्या नावावर घातलं. आमच्या भक्तीचा इतका वाईट वापर आजवर कुणी केला नव्हता.

आणि या दोन शब्दांत पैशाचाही फरक आहे. अस्मानीत मिळते ती मदत. सुलतानीत मागायची असते ती भरपाई. मदत कृपेनं मिळते, नियमांनी मोजून मिळते. आमच्याकडं महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरच अतिवृष्टी. एका वर्षी माझ्या अंगणातल्या नळीत पासष्टच्या वर पाणी होतं, आणि मंडळाचा पाऊस जिथं मोजला गेला तिथं पासष्टच्या आत. बागेत गुडघाभर पाणी उभं होतं, कागदावर अतिवृष्टी झालीच नव्हती. मी वही घेऊन कचेरीत गेले. समोरच्या माणसाचा स्वभाव वाईट नव्हता. तो म्हणाला, "ताई, तुमची वही खरी असंल, पण ती आम्हाला धरता येत नाही." पडलेला पाऊस नाकारणं ही तुमच्याच नाकारण्याची शेवटची, छोटीशी फांदी आहे, असं मला वाटतं. पाण्यात उभ्या असलेल्या माणसालाच पुरावा आणायला सांगायचं.

आमच्या बाजूचंही बोलते, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. सोलापूरजवळ कोळशावर चालणारं १३२० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे, त्याला पाणी उजनीचंच जातं. माझ्या विहिरीवरची मोटार ज्या विजेवर चालते ती बहुतांशी कोळशाची. रिचर्ड हीडे यांनी जगातल्या सर्वांत मोठ्या नव्वद इंधन आणि सिमेंट उत्पादकांचा हिशेब मांडला. १७५१ ते २०१०पर्यंतच्या औद्योगिक उत्सर्जनातला ६३ टक्के भाग त्यांच्याकडं जातो. त्या यादीत आपली कोल इंडियाही आहे. १९९१ साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक महत्त्वाचा प्रश्न विचारला होता : श्रीमंताच्या मोटारीचा धूर आणि गरिबाच्या भातखाचरातला वायू एकाच मापानं कसा मोजायचा? तो प्रश्न न्यायाचा होता आणि आजही आहे. पण आपल्याकडच्या काही मंडळींनी त्या प्रश्नाआड लपून, हे सगळं पाश्चात्त्यांचं कारस्थान आहे म्हणत हात झटकले. अमेरिकेत तुमची माणसं सांगत होती, भारत-चीनवर बंधन नाही म्हणून आम्हीही घेणार नाही. इथली माणसं सांगत होती, अमेरिकेनं आधी करावं. अमेरिकेतलं ते म्हणणं १९९७च्या जुलैमध्ये अमेरिकी सिनेटनं ९५ विरुद्ध शून्य मतांनी ठराव करून पक्कंच केलं. दोन्हीकडच्या टोलवाटोलवीत वर्षं गेली, आणि मध्ये सापडलं ते बोरीचं झाड.

२०२५च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. वरच्या अंगाला अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडं पाऊस कोसळला आणि माढा तालुक्यातल्या दारफळ, उंदरगावसारख्या गावांत पाणी शिरलं. लांबोटीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. मोडनिंबच्या पुलावर उभं राहिलं की आपल्याकडंही ट्रकांची रांग दिसायची. २३ सप्टेंबरला सीनाकाठची माणसं घराच्या पत्र्यावर होती. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प सगळ्या देशांना सांगत होते की हवामानबदल ही जगाची आजवरची सर्वांत मोठी फसवणूक आहे. सभागृहात ऐकणारे बसून राहिले. हाच एक पूर संपूर्णपणे हवामानबदलानं आला असं मी म्हणणार नाही. नदीपात्रातली अतिक्रमणं, वाळूउपसा, धरणांतून पाणी सोडण्याची वेळ, हे सगळं त्यात आहे. पण ती दोन दृश्यं एकाच दिवशीची आहेत, आणि ती मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवली आहेत.

७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जाहीर झालं ती मदत, आणि ते पैसे इथल्याच लोकांच्या करातले. तुमच्यापैकी एकाचाही त्यात रुपया नाही. २०१५च्या पॅरिस कराराबरोबर जो ठराव झाला त्याच्या ५१व्या परिच्छेदात लिहून घेतलं आहे, की नुकसानीच्या कलमावरून कुणी दायित्व किंवा भरपाई मागू शकणार नाही. ते वाक्य घालण्यासाठी श्रीमंत देश किती झटले असतील, याची मी कल्पना करू शकते.

पण दार पूर्ण लागलेलं नाही. पेरूमधल्या हुआराझच्या साउल लुसियानो लियुया या शेतकऱ्यानं २०१५ साली जर्मनीच्या आरडब्ल्यूई या वीजकंपनीवर दावा लावला. हिमनदी वितळून वरचं तळं भरतंय, गाव बुडेल. बांधाच्या खर्चात तुमच्या धुराच्या प्रमाणात वाटा द्या, एवढंच मागणं. २८ मे २०२५ रोजी हाम इथल्या न्यायालयानं त्याचा दावा फेटाळला, कारण त्याच्या घराला तेवढा धोका सिद्ध झाला नाही. मात्र धूर सोडणारी कंपनी दूरच्या देशातल्या नुकसानीला जबाबदार धरली जाऊ शकते, हे तत्त्व न्यायालयानं मान्य केलं. दोन महिन्यांनी, २३ जुलैला, आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही सांगितलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडलं तर भरपाईचा प्रश्न येऊ शकतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४च्या मार्चमध्ये, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकाचा हक्क मानला. माळढोकाचं अभयारण्य आमच्याच जिल्ह्यात नान्नजला आहे.

तुमच्याकडं माझं मागणं साधं आहे. तुमच्या कपाटातले सगळे कागद बाहेर काढा, कोर्टानं ओढून काढायच्या आत. शंका पसरवण्यासाठी कुणाला किती पैसे दिले, ते सांगा. शाळांसाठी जे साहित्य वाटलंत, ते चुकीचं होतं हे त्याच शाळांना लेखी कळवा. आणि मदत हा शब्द सोडून भरपाई या शब्दानं बोलायला सुरुवात करा. इथल्या राज्यकर्त्यांना आणि वर्तमानपत्रांना, ज्यांनी ती शंका आपल्या भाषेत आणली, त्यांना एवढंच सांगते की मी माझा वाटा कबूल केला आहे. तुमचा तुम्ही करा.

मी तो असा केला. ऑक्टोबरात, पूर ओसरून रस्ते चालू झाल्यावर, १९९८च्या त्या मुलाकडं गेले. तो आता चाळिशीत आहे. सीनेकाठी त्याचं डाळिंब होतं. झाडं गाळात कमरेपर्यंत रुतलेली, पानं चिखलानं वाळून खडखडीत झालेली. तो ठिबकच्या नळ्या ओढून काढत होता. प्रत्येक नळी गाळातून फटकन सुटायची आणि अंगावर चिखल उडायचा. "बाई, तुम्ही कशाला आलात हितं," म्हणाला आणि बसायला खताचं रिकामं पोतं झटकून टाकलं. मी त्याला त्या तासाची आठवण करून दिली. त्याला काहीच आठवत नव्हतं, ना प्रश्न, ना माझं उत्तर.

मी म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं होतं. एकमत झालं होतं. लपवून ठेवलं होतं त्यांनी."

तो बराच वेळ नळी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "तवा खरं सांगितलं असतं तरी बाई, डाळिंब मी लावलंच असतं. दुसरं काय लावणार? पण घर हितं बांधलं नसतं."

त्यानं मान वळवून घराकडं पाहिलं. भिंतीवर खिडकीच्या वर, छताच्या हातभर खाली, पाण्याची रेघ होती. मग त्यानं हात वर करून गावाच्या पांढरीकडचं टेकाड दाखवलं. तिथं त्याची वडिलोपार्जित दोन गुंठे जागा आहे. तिथं पाणी आलं नव्हतं.

कळावे,

एक निवृत्त भूगोल शिक्षिका
मु. पो. मोडनिंब, ता. माढा, जि. सोलापूर